कुलपाचे भाडे

मी शाळेत चित्रकला शिकवतो. दरवर्षी जूनमध्ये पाचवीच्या वर्गाला पहिला विषय देतो तो ‘माझे घर’ हा. गेली वीस-बावीस वर्षे मी हा विषय देत आलो आणि तितकीच वर्षे मुले एकच घर काढत आली. दोन डोंगर, त्यांच्यामधून वर येणारा सूर्य, उतरते कौलारू छप्पर आणि बाजूला एक नारळाचे झाड. आमच्या सोलापुरात डोंगर नाहीत. घरे म्हणाल तर जुनी माळवदाची आणि नवी पत्र्याची किंवा स्लॅबची. तरीही मुलांच्या मनातले घर ठरलेले असते. मी त्यांना सुधारायला जात नाही. गेल्या वर्षी मात्र वह्या तपासताना एक गोष्ट प्रथमच माझ्या ध्यानात आली. कोणत्याही मुलाने दाराला कुलूप काढले नव्हते. कुणाचे दार उघडे होते, कुणाचे नुसते लोटलेले होते. कुलूप एकालाही नव्हते. मुलांच्या लेखी घर म्हणजे आत कुणीतरी आहे असे ठिकाण.

हे तेव्हाच ध्यानात यायला कारण होते. त्या दिवशी माझ्या खिशात एका कुलपाची किल्ली होती. भवानी पेठेतल्या आमच्या वडिलोपार्जित घराची. आई गेल्याला तेव्हा तीन वर्षे होत आली होती आणि तेवढाच काळ ते घर बंद होते. मी जुळे सोलापुरात कर्जाने घेतलेल्या दोन खोल्यांत राहतो. धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे. थोरली बहीण, आमची अक्का, भिवंडीला दिलेली. घर तिघांचे, म्हणजे सोयीच्या वेळी तिघांचे आणि एरवी कुणाचेच नाही.

घराची थोडी हकिगत सांगायला हवी. घोंगडे वस्तीच्या अंगाला, यंत्रमागांच्या खडखडाटात ते आजोबांनी बांधले. १ मे १९६४ रोजी सोलापूरची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. आजोबांच्या घरपट्टीच्या पहिल्या पावत्या त्याच्याही आधीच्या. वडील गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. त्या वर्षी घर गहाण पडले. ते सोडवले आईने. मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर विड्या वळी. पान कातरायचे, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. आणि संध्याकाळी गठ्ठे घेऊन कारखान्यात जायचे. तिथे तपासणारा नाकारील त्या विड्या फुकट. अशी नऊ वर्षे. माझे रीतसर शिक्षण मॅट्रिकवर थांबले त्याचे कारणही हेच घर, आणि पुढे मला कादंबऱ्या लिहिण्याइतका निवांत कोनाडा मिळाला तोही याच घरात. तेव्हा या घराविषयी मी तटस्थपणे बोलेन अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

त्याच जूनमध्ये एक गृहस्थ आले. जुनी घरे घेऊन, पाडून, तिथे मजले चढवण्याचा त्यांचा व्यवसाय. आठ दिवसांत सारा व्यवहार पुरा करू म्हणाले. किंमत बावीस लाख. बाजारात त्या जागेचे सत्तावीसपर्यंत येतील असे दोघातिघांनी मला सांगितले होते. पण केव्हा येतील हे कुणी सांगेना. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, देऊन टाक. नुसत्या भावनेवर घर चालत नाही. घरपट्टी आहे, पाणीपट्टी आहे, विजेचा स्थिर आकार आहे. दर पावसाळ्यात माळवदाचा खर्च आहे. कुणी राहत नाही आणि दर महिन्याला खड्डा पडतोय.” मग थोडे थांबून म्हणाला, “अक्काचं हक्कसोडपत्र तेवढं करून घे. म्हणजे आपल्या दोघांच्या सहीवर काम होईल. तिला आपण काहीतरी देऊच की.”

त्याचे बोलणे मला लागले. का लागले, ते उमगायला मात्र बरेच दिवस गेले. प्रथम वाटले, आईच्या घराचा असा सौदा करणे मला सहन होत नाही. आपल्याकडे घर विकणे हे अजूनही काहीसे लाजिरवाणे मानतात. ‘घर विकून खाल्ले’ ही शिवी आहे. घर सांभाळले, मग ते कुलूप लावून का असेना, की माणूस कुळाचा अभिमानी ठरतो. मीही तीन वर्षे स्वतःला तसाच समजत होतो. महिन्यातून एकदा जावे, कुलूप काढावे, केर काढावा, आईच्या फोटोला हार घालावा आणि परत यावे. यात मला एक पवित्र समाधान लाभत असे. या समाधानाची किंमत कोण मोजत होते याचा विचार मी केला नव्हता.

तो करायला मला भाग पाडले ते शेजारच्या मावशींच्या भिंतीने.

आमचे आणि त्यांचे घर यांच्यामध्ये एकच भिंत. मावशी मूळच्या तेलुगू विणकर कुटुंबातल्या. त्यांची आणि आईची मैत्री विड्यांच्या सुपावर जमलेली. माळवदाची रीत अशी असते की त्यावर माणसाचा हात फिरता असावा लागतो. पावसाळ्याआधी वर चढून गवत उपटायचे, भेगा बुजवायच्या, पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या. आई हे न चुकता करून घेई. आम्ही दोन वर्षे केलेच नव्हते. एका वर्षी सवड नव्हती, दुसऱ्या वर्षी खर्चाचे कोणी बोलले नाही. त्या आषाढात मी किल्ली घेऊन गेलो असता मावशींनी चहाला बोलावले. आत पाहतो तो सामाईक भिंत छातीएवढ्या उंचीपर्यंत ओली, गिलावा फुगून गळून पडलेला. नातीची पुस्तके खाटेवर रचून ठेवलेली. मी विचारले, “मावशी, हे कधीपासून?” तर त्या सहजपणे म्हणाल्या, “गेल्या साली सुरू झालं. पाऊस आला की पेटी सरकवतो, एवढंच. तुझ्या आईचं घर आहे, तुला काय म्हणायचं?”

आमच्या कुळाच्या अभिमानाचे पाणी त्यांच्या घरात झिरपत होते. त्या बोलत नव्हत्या, कारण त्यांना आईचा आदर होता. म्हणजे आईच्या नावाने समाधान मी घेत होतो आणि आईच्याच नावाने ओल त्या सोसत होत्या.

त्या रात्री मी कागद घेऊन हिशेब मांडला. माझे अर्थशास्त्र मॅट्रिकपुरते. तरी बेरीज-वजाबाकीला तेवढे पुरते. भाऊ म्हणत होता तो खड्डा, म्हणजे कर, वीज, किरकोळ डागडुजी, मिळून वर्षाला वीस हजारांच्या आसपास. एवढा खर्च वाचावा म्हणून सत्तावीसचे घर बावीसला देणे म्हणजे पंचवीस वर्षांचा खर्च आजच भरून टाकणे. भावाची घाई अशी चुकीची ठरली, आणि मला क्षणभर बरे वाटले. पण हिशेब तिथे थांबत नाही. बावीस लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला दीड लाखावर व्याज येते. ते आम्ही घेत नव्हतो. म्हणजेच दरवर्षी तेवढे घालवत होतो. त्यात वीस हजार मिळवले तर तीन वर्षांचे पाच लाख होतात. भाव वाढतो, असे कोणी म्हणेल. वाढतो तो जागेचा. गळक्या माळवदाचा भाव दर पावसाळ्यात उतरतो. ज्या पाच लाखांसाठी मी भावाला मनातल्या मनात उतावळा म्हणत होतो, तेवढे पाच लाख आम्ही कुलपाचे भाडे म्हणून आधीच देऊन बसलो होतो. विजेच्या बिलाची पावती मिळते, म्हणून तो खर्च डोळ्यांत येतो. न मिळालेल्या व्याजाची आणि मावशींच्या भिंतीची पावती कोणी देत नाही.

महापालिकेचा कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा रोखठोक आहे. घरात कोणी राहो न राहो, कर थकला की महिन्याला दोन टक्के शास्ती चढत जाते. कायदा मालकाला विचारतो, तुझे घर आहे ना, मग त्याचा भार उचल. खरे म्हणजे मालकी या शब्दातच भार आहे; आपण त्यातला हक्क तेवढा लक्षात ठेवतो.

हा प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर दिवाळी अंकाची पाने मी अडवली नसती. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत एक कोटी दहा लाखांवर घरे रिकामी आढळली. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने हे आकडे पुन्हा मांडले. शहरातल्या शंभर घरांत सुमारे बारा रिकामी, आणि सर्वांत अधिक आपल्या महाराष्ट्रात, वीस लाखांच्या घरात. यातली कित्येक विकली न गेलेली नवी असतील. पण कित्येक आमच्यासारख्यांची, कुलपे लावलेली. भाड्याने का देत नाहीत, असे विचाराल तर जो तो १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या आठवणी सांगतो. एकदा भाडेकरू आला की तो जायचा नाही, ही ती धास्ती. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, ठरावीक मुदतीचा परवाना-करार करण्याची आणि तो नोंदवण्याची वाट त्याने करून दिली; तरी धास्ती बापाकडून मुलाकडे वारशाने येतच राहिली. मीही तीच सबब सांगत असे.

आणि याच सोलापुरात, याच काळात, दुसरीकडे काय चालले होते? आईसारख्या विडी कामगार बायका घरासाठी मोर्चे काढत होत्या. नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने शहराबाहेर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिच्या किल्ल्या २००६ साली मिळाल्या. त्यानंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी रे नगरच्या तीस हजार घरांचे काम निघाले. त्यांपैकी पंधरा हजारांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आला. या घरांसाठी पेठांतली माणसे माळरानावर जायला तयार झाली. आमच्या ओळखीच्या काही बायका तिकडे गेल्या. त्या जिथून गेल्या त्या पेठेत आमचे चार खणांचे घर बंद होते. त्यांना घर नव्हते ते माझ्यामुळे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या गावात एका घरासाठी माणूस अर्धे आयुष्य रांगेत उभा राहतो, तिथे रिकामे घर ही केवळ माझी खाजगी बाब आहे, असेही मला आता म्हणवत नाही.

गांधीजी धनवंताला विश्वस्त म्हणत. विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूमिहीनांनी ऐंशी एकर मागितले आणि एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केले. तिथून भूदान निघाले. तेही गाव विणकरांचे. कसणारा नसलेली जमीन आणि राहणारा नसलेले घर यांत मला फारसा भेद दिसत नाही. परंतु मी घर दान करून टाकावे एवढा मोठा नाही. मला मुलीचे शिक्षण आहे, कर्जाचे हप्ते आहेत. जगातही हा पेच सर्वत्र आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर बसवला. जपानमध्ये २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे नव्वद लाख घरे रिकामी निघाली. वारसाने मिळालेली नको असलेली जमीन सरकारला देऊन टाकण्याची सोय तिथे त्याच वर्षी झाली. पण त्याआधी तिच्यावरचे घर स्वतःच्या खर्चाने पाडावे लागते आणि वर शुल्कही भरावे लागते. मालकी सोडायलाही पैसे पडतात, असा काळ तिथे आला आहे.

तेव्हा घर विकावे, आणि फार रेंगाळू नये, या मताला मी आलो. मग त्या गृहस्थांना आठ दिवसांत देऊन का टाकले नाही?

इथेच माझा मूळ अस्वस्थपणा मला समजला. मला खटकले होते ते विकणे नव्हे. ‘अक्काचं हक्कसोडपत्र तेवढं करून घे,’ हे वाक्य मला खटकले होते.

घाईला किंमत असते, आणि ती फक्त भावात मोजली जात नाही. व्यवहार लवकर व्हायचा तर वाटेतली माणसे कमी करावी लागतात. मग जो सर्वांत कमी भांडेल त्याला आधी बाजूला काढतात. आमच्या घरात ती अक्का. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही ती जन्माने वाटेकरी झाली. कायद्याने एवढे केले. पण भाऊबीजेच्या ताटात साडी ठेवून दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही घेण्याची रीत कायद्याला मोडता आली नाही. बहीणही सही करते, कारण वाट्यापेक्षा तिला माहेर हवे असते. आम्ही याला प्रेम म्हणतो. पण एकाने नेहमी सोडायचे आणि दुसऱ्यांनी नेहमी घ्यायचे, याला प्रेम म्हणताना माझी जीभ अडखळू लागली. घर गहाण होते तेव्हा आईच्या शेजारी दुसरे सूप घेऊन बसत होती ती अक्काच. तिची शाळा तर सातवीतच सुटली.

मी भिवंडीला गेलो. तिला सारा हिशेब सांगितला. बावीस, सत्तावीस, व्याज, मावशींची भिंत, भावाचे म्हणणे, सारे. ती ऐकून घेत होती. मी म्हणालो, “अक्का, तू सांगशील तसं करू.” ती हसली आणि म्हणाली, “घर तू कुणालाही दे रे. पण मला नुसतं सहीला बोलावू नकोस, हिशेबाला बोलाव.”

एवढ्या वर्षांत तिने माहेराकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. ही पहिली मागणी, आणि तीही पैशांची नव्हती.

मग आम्ही तिघे एका रविवारी त्या घरात बसलो. प्रथम माळवदाचे काम काढायचे ठरले. घर उद्या कुणाचेही होवो, मावशींची भिंत आमच्या देण्यात होती. तिचा गिलावाही आम्हीच करून दिला. मावशींच्या मुलाला घर हवे होते, पण त्याला कर्ज काढावे लागणार होते, आणि तो पंचवीसच्या वर जाऊ शकत नव्हता. कर्जासाठी कागद हवेत. कागदांसाठी मालमत्ता पत्रकावर तिघांची नावे हवीत. नावांसाठी नगर भूमापन कार्यालयाच्या खेपा हव्यात. भाऊ वैतागला. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पुण्याचे हप्ते त्याला भरायचे होते आणि पाच महिने थांबणे त्यालाच अधिक जड होते. अक्का म्हणाली, “त्याला पैसा लवकर हवा आहे ना? मग येसारातले आधी त्याला दे, माझे मागून दे.” तीच पुन्हा सोडायला निघाली होती. पण या वेळी तिने काय सोडले ते कागदावर लिहिलेले होते, आणि पुढच्या हप्त्याला ते तिला मिळाले. मला एवढा फरक पुरेसा वाटतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर खरेदीखत झाले. कचेरीत अक्काने चष्मा लावून प्रत्येक पान वाचले. मागची माणसे कुरकुरत होती. वाचू दिले. घरातून तिने आईचे सूप तेवढे नेले.

मावशींच्या मुलाने मधल्या भिंतीत दार पाडले आहे. नातीला अभ्यासाला आमचा कोनाडा मिळाला. मी कधीमधी त्या बाजूला जातो. आत बोलावतात, जातो, पण फार बसत नाही. आपल्या घरात पाहुणा होणे सोपे नसते.

धाकटा अजून विचारतो, “दादा, दोन लाख गेले की नाही?” गेले, मी म्हणतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कुणाकुणाच्या खिशातून गेले हे तिघांनाही ठाऊक होते, आणि तिघांनीही हो म्हटले होते. त्याआधीची तीन वर्षे जे जात होते, त्याला आमच्यापैकी कुणीच हो म्हटलेले नव्हते. आणि मावशींना तर कुणी विचारलेही नव्हते.